गंजगोलाईमागचं मसाला कांडप: भाजणीला तीन तारे, वहीला पाच

लातुरात नव्यानं राहायला आलेली माणसं हमखास विचारतात, काळा मसाला डोळ्यासमोर कुटून कुठं मिळतो, तयार पुडा नको. त्यांच्यासाठी लिहिते. शिवाय माझी नणंद पुण्याहून रोज फोन करून हेच विचारते, तिच्यासाठीही.

दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर ‘मसाला, हळद कांडप’ एवढंच रंगवलंय, त्यातली हळद आता अर्धी उडालीय. गंजगोलाई म्हणजे लातूरची गोल बाजारपेठ, तिला सोळा रस्ते फुटतात. त्यातला कुठला धरायचा हे लिहून उपयोग नाही, जन्म लातुरात गेलेली माणसंसुद्धा देवीच्या देवळाला वळसा घालून भलत्याच रस्त्याला लागतात. भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात शिरा आणि ठसका लागेल तिकडं चालत राहा. एप्रिलात सकाळी अकरानंतर कुणाला पत्ता विचारावा लागत नाही.

हे दुकान मला सासूबाईंनी दाखवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येची शेतातली पूजा झाली, शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून सगळ्यांना भज्जी वाढली, आंबील पाजली, आणि पुढच्या पौषात त्या गेल्या. त्यामुळं यंदा मसाल्याला मी एकटी गेले. आजवर मी पिशव्या धरणारी होते, बोलायचं काम त्यांचं.

आधी यंत्राचं सांगते, कारण पैसे त्याचे द्यायचे असतात. दुकानात डंक आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मोटारीवर आडवा दांडा फिरतो, त्याच्या खुंट्या लोखंडी मुसळं उचलतात आणि सोडून देतात, मुसळ आपल्या वजनानं खालच्या उखळात आदळतं. मालकांचा मुलगा बाजूनं मसाला सारत राहतो, मधून मधून काढून चाळतो, चाळणीवर उरलेलं जाडंभरडं परत उखळात टाकतो. वेळ लागतो. दोन किलोला तासभर धरून चाला, रांग वेगळी.

शेजारी आता पल्वरायझरही बसवलाय. तो दहा मिनिटांत तुम्हाला मोकळं करतो, पण आतलं चक्र इतक्या जोरात फिरतं की मसाला हात भाजेल एवढा गरम होऊन बाहेर येतो, आणि गरम झालेल्या मसाल्याचा वास बोळातच उडून जातो. गर्दी असली की मुलगा न विचारता पिशवी तिकडं वळवतो. ‘डंकावरच’ असं आल्याआल्या ठणकावून सांगा. आत्याबाई तर पिशवी खालीच ठेवत नव्हत्या. नंबर येईपर्यंत मांडीवर.

दुसरं, आपल्या आधी कुणाचं काय कुटलंय ते बघा. उखळाच्या कडांना आधीच्याचा मसाला चिकटलेला असतो, फडक्यानं पुसला तरी राहतो. आत्याबाईंचा नेम असा की पहिल्यांदा मूठभर धने टाकायचे, ते कुटून काढून घ्यायचे, मग आपलं खरं काम सुरू. ते मूठभर धनेही वाया नाहीत. वेगळ्या पुडीत बांधून आणायच्या आणि त्याच रात्रीच्या पिठल्यात संपवायच्या. ‘कुणाच्या घरचं काय मिसळलंय कोण जाणे, पर भूक तर भागते’ म्हणून हसायच्या.

काटा चोख आहे. मी घरी परत वजन करून पाहिलं. तिकीट आणि पैशाचा हिशेब रोज जुळवायची सवय, त्यामुळं माझा असल्या बाबतीत पटकन विश्वास बसत नाही. मी एसटीत वाहक आहे. घट किलोमागं थोडी येतेच, मिरचीची पूड हवेत उडते, मुसळाला चिकटते. त्यावरून भांडू नका.

आता भाजणी. इथं तारे कापलेत. पूर्वी हे लोक फक्त कुटून द्यायचे. आता मागच्या बाजूला शेगडी आणि मोठी कढई मांडलीय, किलोमागं वेगळे पैसे घेऊन भाजूनही देतात. नोकरी करणाऱ्या बायकांची सोय म्हणून मी खूश झाले. तरी खात्री नव्हती, म्हणून निम्मा माल घरी भाजला आणि निम्मा त्यांच्याकडं दिला. धने, जिरे, तीळ त्यांनी छान भाजले, घरच्याहून एकसारखे. खोबरं ठीक. दगडफूल मात्र जास्त झालं. ते कागदासारखं हलकं, मोठ्या आचेवर बघता बघता करपतं, आणि काळ्या मसाल्याचा रंगवास निम्मा त्याच्यावरच असतो. त्या निम्म्या मसाल्याला शेवटी किंचित कडवट चव आहे. वांग्याच्या भाजीत कळत नाही, नुसत्या आमटीत कळते. पुढच्या खेपेला दगडफूल, खोबरं आणि लवंग घरी भाजून नेणार, बाकीचं त्यांना देणार.

आत्याबाई प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायच्या, चुलीवर, लोखंडी कढईत, तेलाचं बोट फिरवून. मिरचीची देठं काढायला सकाळी बसायच्या ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. हाताची आग व्हायची, मग खोबरेल लावून हात वर धरून बसायच्या, कुणी नमस्काराला आलं तर तसेच हात दाखवायच्या. मिरची दोन उन्हं दिल्याशिवाय दुकानात न्यायची नाही. मोडली की कडकन वाजली पाहिजे. मऊ मिरची डंकाखाली लगदा होऊन बसते, आणि मग दुकानदाराला नावं ठेवण्यात अर्थ नसतो.

पूर्वी हे सगळं घरीच व्हायचं. औसा तालुक्यात आमचं गाव. जुना वाडा दगडमातीचा, वर माळवद, ओसरीत जमिनीत पुरलेलं उखळ. १९९३ ला गणपती बुडवून गाव झोपलं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचा भार, ते घर माणसांवर बसायला वेळ लागला नाही. आमच्याकडं माणसं वाचली, ओसरी बसली. आत्याबाई त्यानंतर कितीतरी महिने अंगणातच झोपल्या, थंडीतही. पुढं पत्र्याचं घर झालं, पण उखळ काही त्यांनी परत पुरलं नाही. ‘जमिनीत काय बी पुरून ठेवायचं नाही आता’ म्हणायच्या. तेव्हापासून मसाला लातुरात, याच दुकानात. मालकांनी तेव्हा नुकताच डंक टाकला होता.

मालकांना सगळे चाचा म्हणतात. दुकानाची खरी किंमत त्यांच्या वहीत आहे, आणि पाच तारे तिलाच.

झालं असं की आत्याबाईंचं प्रमाण घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, सहीपुरतं यायचं. सगळं तोंडी, आणि तेही चिपटं, कोळवं, मूठ, चिमूट असल्या मापांत. मी पिशवी घेऊन गेले तेव्हा चाचा म्हणाले, आक्का नाही आल्या? मी सांगितलं. त्यांनी त्यांच्या रीतीनं दुवा म्हटली, मला स्टूल दिलं, पोराला चहा आणायला पाठवलं. मग मी म्हटलं, चाचा, प्रमाण किती घ्यायचं तेच कळत नाही. तर ते गल्ल्याखालून लाल कापडाची लांबलचक खतावणी काढून बसले.

नेहमीच्या गिऱ्हाइकांचं प्रमाण ते त्यात लिहून ठेवतात. गिऱ्हाईक सांगेल ते माप, पुढं त्याचे किलो-ग्रॅम. नावानं नाही, खुणेनं. आमची खूण आधी ‘औसा, दोन म्हशी’ अशी होती. मी नोकरीला लागल्यापासून ती ‘औसा, कंडक्टरीणबाईची सासू’ झालीय. म्हशी कधीच विकल्या होत्या, वहीत मात्र त्या आणखी बरीच वर्षं होत्या.

प्रमाण विचारणाऱ्यांसाठी देऊन टाकते, लपवण्यासारखं काही नाही. किलोभर मिरची, त्यातली ब्याडगी रंगाला आणि गुंटूर तिखटाला. धने पाऊण किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, तीळ पाव, जिरे शंभर ग्रॅम. दगडफूल पन्नास, खसखस पन्नास, हळकुंड पन्नास. शहाजिरं, लवंग, दालचिनी, मिरे, मसाला वेलदोडा, तमालपत्र, बदामफूल प्रत्येकी पंचवीस. नागकेशर वीस, जायपत्री दहा. हिंगाचा खडा तेलात फुलवून. मीठ आणि लसूण शेवटी, लसूण उन्हात वाळवलेला. कांदा आमच्यात नसतो, ज्यांना हवा त्यांनी घालावा, पण मग मसाला वर्षभर राहील ही हमी चाचांवर टाकू नये.

ही वही २००९ पासूनची आहे, आधीच्या उंदरांनी खाल्ल्या. चाचा एकेक पान उलटत गेले आणि मी आमच्या घरचा हिशेब ऐकत बसले. २०१२ ला मसाल्यासोबत येसर. नणंदेचं लग्न होतं. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, धने, सगळं खमंग भाजून भरड दळलेलं, एवढं की पिशव्या न्यायला टमटम केला होता. लग्नातली येसर आमटी आत्याबाईंनी आचाऱ्याला करू दिली नाही. स्वतः पातेल्याशी उभ्या राहिल्या, आणि व्याही जेवून उठले ते आधी आचाऱ्याकडं गेले, मग त्याच्या सांगण्यावरून त्यांच्याकडं.

२०१६ ला सगळं निम्मं. ते साल लातूरकरांना सांगायला नको. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. लोक स्टेशनवर गाडी बघायला गेले होते. आत्याबाईंनी बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला, दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्लेल्या, त्यांना रेल्वेचं काही वाटलं नाही. ‘तवा पाणी बी नव्हतं अन् रेल्वे बी’ एवढंच. पण मसाला निम्मा केला. मसाला जास्त असला की रस्सा जास्त होतो आणि भांडी जास्त पडतात, असा त्यांचा हिशेब.

२०२० ची ओळ कोरी. तेव्हा सगळंच बंद होतं. २०२२ च्या ओळीला पुढं ‘पैसे नंतर’ असं लिहिलंय. एसटीचा संप चालू होता, घरात पगार नव्हता. मला त्या उधारीचा पत्ताच नव्हता. चाचांना विचारलं, दिले का? ते म्हणाले, नागपंचमीच्या आत दिले, सुट्टे दिले, सगळी दहाची नाणी. आठवडी बाजारात अंडी विकून त्या पैसे जमवायच्या हे मला माहीत होतं, कशासाठी ते माहीत नव्हतं.

त्याच वर्षी ऑगस्टात पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली. आत्याबाईंचा जन्म रझाकारांच्या धामधुमीतला, तारीख कुणालाच ठाऊक नाही, पण आधारवर सगळ्या म्हाताऱ्यांची असते तशी १ जानेवारी आणि साल १९४७. त्या हिशेबानं बसल्या. माझ्या गाडीला चढल्या की मागच्या बाकावर बसायच्या आणि मी जवळ गेले की आधार काढून दाखवायच्या, सुनेला! मी म्हणायचे, आत्याबाई, राहू द्या. तर गाडीभर ऐकू जाईल असं म्हणायच्या, ‘मशीन दाब, कागद दे. चेकर चढला तर तुझ्या नोकरीवर येईल.’ शून्य रुपयाचं तिकीट घ्यायच्या, घडी घालून कमरेच्या पिशवीत. त्या गेल्यावर पिशवी उपसली तर मिश्रीच्या डबीखाली तिकिटांचा गठ्ठा. शाई उडून सगळी कोरी झालेली.

मी भरतीला उभी राहिले तेव्हा भावकीत कुजबुज झाली होती, सून गाडीत परक्या पुरुषांत दिवसभर उभी राहणार म्हणून. आत्याबाईंनी एका वाक्यात मिटवलं, ‘तुमच्या बायका उभ्या राहतात त्याच गाडीत का दुसऱ्या?’ मुक्कामी गाडी असली की डब्यात तीन भाकरी, कोरडी भाजी आणि औषधाच्या रिकाम्या डबीत काळा मसाला आणि तेल. खेड्यात मुक्कामाला आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला बसलो की ड्रायव्हर स्वतःचा डबा उघडायच्या आधी माझ्या डबीकडं बघायचे.

वहीकडं परत येते. शेवटच्या दोन सालांत गुंटूर मिरची निम्म्यावर आली होती आणि ब्याडगी वाढली होती. आम्हाला घरी मसाला सौम्य लागत होता. नवरा कुरकुरायचा, तर आत्याबाई सरळ मिरचीवर ढकलायच्या, ‘औंदा मिरचीच गुळचट निघाली बग, पैसे पाण्यात.’ दोन्ही वर्षं तेच. वहीत चाचांनी कारण लिहिलंय. आकड्यापुढं बारीक अक्षरात: ‘गुंटूर निम्मा. सुनेला पित्त.’

माझं पित्त खरंच वाढलं होतं. पहाटेची ड्युटी, अवेळी जेवण, डॉक्टरांनी तिखट कमी करा म्हणून सांगितलेलं, आणि मी घरात कुणाला बोलले नव्हते. गोळ्यांचा कागद त्यांच्या हाती लागला असणार. त्यांना वाचता येत नव्हतं, पण गोळी कशाची हे त्या रंगावरून ओळखायच्या. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि घरात सांगितलं असतं तर माझ्या एकटीसाठी सगळ्यांचं ताट फिकं केल्याचा बोल मला लागला असता. म्हणून मिरचीचं नाव. चाचांनी वाचून दाखवलं आणि वही माझ्याकडं फिरवली. मला काही सुधरेना. मग त्यांनीच विचारलं, यंदा कुठलं धरायचं, जुनं का शेवटचं? मी म्हटलं, शेवटचं.

मसाला कसा झालाय ते सांगते. घरी भाजलेला निम्मा आणि त्यांनी भाजलेला निम्मा वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलाय. घरच्यावर बोरसुरीच्या डाळीची आमटी केली. या डाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेपरातलं वाचून दाखवलं होतं, तर आत्याबाई म्हणाल्या होत्या, ‘आमाला कवाच मिळालंय.’ आमटी त्यांच्या हातच्यासारखी झाली का? नाही. वास तोच आहे, रंग तोच, वर तेलाचा तवंगही तसाच आला. त्या उकळताना दोनदा गार पाण्याचा हबका मारायच्या, मीही मारला. चव जवळ जाऊन थांबते. यात दुकानाची चूक नाही, म्हणून तारा कापलेला नाही. मुलं म्हणाली, आजीची आमटी. नवरा म्हणाला, तिखट कमी आहे. मी म्हटलं, औंदा मिरचीच गुळचट निघाली.

आता कामाच्या गोष्टी. डंकावर कुटायचे यंदा किलोला सत्तर रुपये, हळदीचे जास्त, कारण हळकुंड दगडासारखं असतं आणि मुसळाला वेळ लागतो. भाजणीचे पन्नास वेगळे. मिरचीची देठं तिथंही काढून मिळतात, पण त्या बायका घाईत बिया बऱ्याच सांडतात, घरूनच काढून न्या. डबा स्टीलचा न्या, दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी घेऊ नका. कुटलेला मसाला झाकण न लावता घरी आणा आणि पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा, नाहीतर आत घाम धरून गुठळ्या होतात. नाकाला ओला रुमाल बांधा, नुसत्या मास्कनं भागत नाही. बसायला दोनच स्टुलं आहेत. तासाभराचं काम आणि गिऱ्हाईक बहुतेक म्हाताऱ्या बायका, तेव्हा एक बाकडं टाकायला चाचांना अवघड नाही, मी बोललेय. फोन उचलत नाहीत, डंकाच्या आवाजात ऐकूच येत नाही. मोबाइलवरून पैसे घेतात.

रमजान मार्च-एप्रिलात येतो तेव्हा दुकान दुपारनंतर लवकर बंद होतं. पोटात पाणी नसताना मिरचीच्या धुरळ्यात दिवसभर उभं राहणं सोपं नाही. आत्याबाई त्या महिन्यात मसाला न्यायच्याच नाहीत, ईद झाल्यावर न्यायच्या, आणि तेव्हा चाचांच्या घरचा शीरखुर्मा पिऊन यायच्या. गुढीपाडव्यानंतरचे पहिले दोन आठवडे गर्दी कमी असते. अक्षय तृतीया जवळ आली की पहाटे जाऊन पिशवी रांगेत लावावी लागते.

नवीन गिऱ्हाइकांनी वहीत प्रमाण लिहून घ्यायला सांगावं, पैसे पडत नाहीत. घरात ज्यांच्या हातचं आवडतं त्यांना एकदा सोबत नेऊन तोंडानं सांगायला लावा. चाचा सगळं लिहितात, न सांगितलेलंही.

आणि वन्सं, तुमचा दोन किलोचा डबा पुण्याच्या गाडीनं पार्सल केलाय, रीतसर पावती करून. घरी भाजलेल्यातलाच आहे. दाजींना तिखट लागतं माहीत आहे, म्हणून गुंटूरची वेगळी पुडी वर बांधलीय, त्यांच्या वाट्याला तेवढी घाला.